बाबांच्या फॉर्मवर सही करायची का? घरात दोन तट पडलेत

सायली_क
बाबा आयसीयूत आहेत, आधी मोठा स्ट्रोक, मग न्यूमोनिया, आता किडन्या पण गेल्यात, व्हेंटिलेटर चालू आहे. डॉक्टर म्हणतात डायलिसिसचा उपयोग नाही, आणि हृदय थांबलं तर सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करणं) करू नका असं लिहून द्या. दादा भडकलाय, तो म्हणतो ह्यांना बेड रिकामा करायचाय. आई एकच वाक्य धरून बसलीये, सगळं करा. बाबा स्वतः म्हणायचे मला नळ्या लावून ठेवू नका, पण लिहिलेलं काही नाही आणि दादाचं म्हणणं ते धडधाकट असताना बोललेलं, त्याला काय अर्थ. सही केली तर मीच मारलं असं वाटत राहील का? डॉक्टरांशी बोलायचं तरी कसं?

नाईटड्युटी
सायलीताई, मी आयसीयूत नर्स आहे. सीपीआर सिरियलमध्ये दाखवतात तसा नसतो हो. हॉस्पिटलमध्येच हृदय थांबलेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण पाचातला एक जण घरी जातो, आणि ज्यांचे दोन-तीन अवयव आधीच बंद पडलेत त्यांच्यात तर त्याहून कितीतरी कमी. बरगड्या मोडतात, हाताखाली कळतं ते. अशा पेशंटवर जोर लावताना आम्हाला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, असो. पण सही म्हणजे ट्रीटमेंट बंद नव्हे!! अँटिबायोटिक, दुखण्याचं औषध, कूस बदलणं सगळं चालू राहायला हवं. काही वॉर्डात सही झाली की राउंडला पण कुणी नीट थांबत नाही, हे मी पाहिलंय, त्यामुळे दादांचा संशय अगदीच हवेतला नाही. आणि आईंना विचारा, सगळं म्हणजे काय काय? पुष्कळदा त्यांना एवढंच म्हणायचं असतं की ह्यांना वाऱ्यावर सोडू नका.

वाटसरू
मी थोडा दादाच्या बाजूने. डॉक्टर 'उपयोग नाही' म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, उपचार शरीरावर चालणारच नाही, ते त्यांना कळतं, मान्य. दुसरी, चालेल पण असं जगण्यात काय राम आहे, हे ठरवणारे ते कोण? टेक्सासमध्ये 1999 च्या कायद्याने उपचार थांबवायच्या वादात हॉस्पिटलची कमिटी डॉक्टरांच्या बाजूने गेली की कुटुंबाला दुसरं हॉस्पिटल शोधायला फक्त 10 दिवस मिळायचे, 2023 मध्ये ते 25 केले. ब्रिटनमध्ये 2017 साली चार्ली गार्ड नावाच्या बाळाचे आईवडील त्याला उपचारासाठी अमेरिकेत न्यायला तयार होते, डॉक्टर व्हेंटिलेटर काढायचा म्हणत होते, कोर्टाने डॉक्टरांचं ऐकलं. तेव्हा सरळ विचारा, डायलिसिस चालणार नाही की तुमच्या मते करू नये?

जुनी_वही
वाटसरू, प्रश्न बरोबर आहे पण इथे भांडण डॉक्टरांशी कमी आणि घरात जास्त दिसतंय. अमेरिकेतल्या टेरी शायवोच्या केसमध्ये ट्यूब काढा म्हणणारा नवरा एका बाजूला आणि नको म्हणणारे आईवडील दुसऱ्या, ती 1990 मध्ये कोसळली, फीडिंग ट्यूब शेवटची काढली 2005 मध्ये, मधली कित्येक वर्षं कोर्टात, कारण तिने पण काहीच लिहून ठेवलं नव्हतं.
सायली, मधला रस्ता असतो. ठरावीक मुदतीची ट्रायल. डायलिसिस अमुक दिवस लावा, काय सुधारलं तर पुढे जायचं आणि काय नाही झालं तर थांबायचं हे आधीच सगळ्यांसमोर बोलून घ्या. सुरू न करणं आणि सुरू करून थांबवणं ह्यात नैतिक फरक नाही असं मेडिकल एथिक्सवाले म्हणतात, घरच्यांना मात्र थांबवणं फार जड जातं, हे धरून चाला. डायलिसिस झेपेल एवढं बीपी टिकत नसेल तर डॉक्टर ट्रायलला पण नाही म्हणतील, मग बाहेरच्या डॉक्टरचं मत घ्या. दादा लांब राहतो का? लांबून येऊन सगळं करा म्हणणाऱ्या नातेवाइकाला अमेरिकेतले डॉक्टर 'कॅलिफोर्नियाची मुलगी' म्हणतात, 1991 मध्ये त्यावर पेपर पण आलाय. हसण्यावारी नेऊ नका, जवळ नव्हतो ह्याची टोचणी असते त्यामागे. आणि दादाला 'तुला काय हवंय' नका विचारू, 'बाबा आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते' असं विचारा.

सायली_क
हो दादा लांबच असतो, परवा आला. ट्रायलचं त्याला पटेल बहुतेक. उद्या मीटिंग मागितलीये.

नाईटड्युटी
आईंना पण घेऊन जा, बाहेर बसवू नका. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारी टीम असेल तर त्यांना पण बोलवायला सांगा. आणि उद्या व्हेंटिलेटर काढायची वेळ आलीच तर धाप लागू नये म्हणून काय देणार ते आत्ताच विचारून ठेवा. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका, बेताच्या डोसने धाप कमी होते, ते माणूस मारायला देत नाहीत.