विज्ञानकथा ४५ मिनिटांत संपायला हवी, तीन-तीन तासांचे सिनेमे पुरे

उल्का :
परवा 'इंटरस्टेलर' (२०१४) तिसऱ्यांदा बघायला बसले आणि तिसऱ्यांदा शेवटच्या अर्ध्या तासात मोबाइल हातात घेतला. कृष्णविवर, पुस्तकांच्या कपाटामागची ती मिती, मध्येच प्रेमावर व्याख्यान. १६९ मिनिटं! शेवटी उतारा म्हणून 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या टीव्ही मालिकेतला 'द इनर लाइट' (१९९२) हा भाग लावला. (पुढे रहस्यभेद आहे. पण तीस वर्षांहून जुन्या भागाचं रहस्य आणखी किती जपायचं?)

एका अनोळखी यानातून आलेल्या किरणामुळे कॅप्टन पिकार्ड आपल्या यानाच्या ब्रिजवरच (नियंत्रण कक्षातच) कोसळतो. शुद्धीवर येतो तो कुठल्यातरी दुष्काळी ग्रहावर. तिथे सगळे त्याला भलत्याच नावाने हाक मारतात, घरात बायको आहे. आधी तो हुज्जत घालतो, परतीची वाट शोधतो, मग हळूहळू रुळतो. बासरी वाजवायला शिकतो. मुलं होतात, नातवंड होतं. बायको मरायला टेकते आणि तेव्हाही त्याला बजावते काय, तर बूट जागेवर ठेवत जा. म्हातारपणी त्याला कळतं की हा ग्रह संपणार हे ओळखून तिथल्या लोकांनी आपली आठवण एका यानात घालून सोडून दिली होती, आणि ते यान नेमकं यालाच भेटलं. डोळे उघडतो तर ब्रिजवर जेमतेम पंचवीस मिनिटं गेलेली.

विज्ञानकथेत मुळात 'समजा असं झालं तर' एकच असतं. ते मांडायला एक भाग पुरतो. सिनेमावाल्यांना तेवढ्यात तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत, मग पाठलाग, स्फोट आणि जगबुडी घालून ताणतात.

आळशी_अंतराळवीर :
+१. बुटांचं वाक्य आलं की मी दर वेळी डोळ्यांत काहीतरी गेल्याचं नाटक करतो.

तिरपागडा :
साफ असहमत. उल्काताई, तुम्ही उदाहरणच चुकीचं निवडलंत. 'इनर लाइट' ४५ मिनिटांचा नाहीच मुळी. तो पाचव्या सीझनचा शेवटून दुसरा भाग. तोवर शंभराच्या वर भागांत आपण या माणसाला पाहिलेलं असतं. कोरडा, शिस्तीचा, लहान पोरांसमोर अवघडणारा, संसाराच्या वाटेला न गेलेला. म्हणून तो बाप झालेला बघून आपल्या पोटात कालवतं. मी हा भाग माझ्या मोठ्या भावाला दाखवला होता, ज्याने मालिका कधीच पाहिली नव्हती. पंधराव्या मिनिटाला त्याचा प्रश्न : "हा टकल्या कोण, आणि याला परत कशाला जायचंय? चांगलं चाललंय की."

मालिकेतला भाग उधारीवर चालतो. सिनेमाला सगळा व्यवहार रोखीने करावा लागतो, ओळख करून देण्यापासून जीव लावण्यापर्यंत. वेळ लागणारच.

कोरा_कागद :
उधारीचा मुद्दा आवडला, पण मग 'डॉक्टर हू'मधल्या 'ब्लिंक'चं (२००७) काय? एकाच वेळी दोन भागांचं चित्रीकरण चालू होतं, त्यामुळे यात खुद्द डॉक्टर, म्हणजे निळ्या डब्यातून काळात फिरणारा मालिकेचा नायक, जेमतेम दिसतो. गोष्ट आहे सॅली स्पॅरो नावाच्या मुलीची, आणि तिला आपण याआधी पाहिलेलंच नाही. दगडी पुतळे, तुमची नजर हटली की तेवढ्यात पुढे सरकणारे. प्रेक्षकालाही ते हलताना एकदासुद्धा दिसत नाहीत. म्हणजे आपणही पाहणाऱ्यांत धरलेलो आहोत! या युक्तीला पैसे लागले नाहीत, डोकं लागलं.

त्यात एक तरुण पोलीस सॅलीला भेटतो आणि थोड्याच वेळात पुतळ्यांच्या तावडीत सापडून १९६९ मध्ये फेकला जातो. त्याच दिवशी ती त्याला पुन्हा भेटते ती हॉस्पिटलात, म्हातारा होऊन मरणाच्या दारात. खिडकीबाहेर पाऊस तोच, सकाळपासूनचा. तिच्यासाठी काही तास, त्याच्यासाठी अख्खं आयुष्य. कसली उधारी आहे यात?

तिरपागडा :
'ब्लिंक' मान्य. पण असे किती निघतील?

बरं, 'इंटरस्टेलर'च घेऊ. त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक कूपर तिथून यानावर परत येतो तेव्हा तेवीस वर्षं गेलेली असतात आणि तो साठलेले निरोप लावून बसतो. मुलगा शिकतो, बाप होतो, ते मूल जातं, आणि शेवटी तो सांगतो की आता तुमची वाट बघणं सोडतोय. मग इतकी वर्षं न बोललेली मुलगी पडद्यावर येते, बाप पृथ्वीवरून निघाला तेव्हा त्याचं जे वय होतं त्या वयाची होऊन. पिकार्डला आयुष्य फुकटात मिळतं, याचं हातातून निसटतं. गणित तेच, उलट्या बाजूने. इथे तुम्ही मोबाइल हातात घेतला नसणार.

उल्का :
नाही घेतला. त्या प्रसंगाला तिन्ही वेळा रडले.

आळशी_अंतराळवीर :
तो प्रसंग पाचेक मिनिटांचा. म्हणजे उरलेली १६४ मिनिटं भरताड? तिरपागडाराव, तुम्ही उल्काताईंचीच बाजू लढवताय.

तिरपागडा :
ती पाच मिनिटं एवढी जड होतात ती आधीच्या तासामुळे. नुसती यूट्यूबवर काढून बघा, मग बोलू.

मध्यरात्र :
दोघंही नुसतं गोष्टीबद्दल बोलताय. 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' (१९७९) आठवा. कर्क आणि त्याचा इंजिनिअर स्कॉटी छोट्या यानात बसून एंटरप्राइझ या त्यांच्या अवाढव्य जहाजाभोवती फेरी मारतात. पाचेक मिनिटं दुसरं काहीही घडत नाही. संवाद नाममात्र, नुसतं संगीत आणि जहाज. लॅपटॉपवर पाहिलं तेव्हा मी सरळ पुढे ढकललं होतं. नंतर मोठ्या पडद्यावर पाहिलं आणि कर्कचा चेहरा तसा भारावलेला का झालाय ते उमगलं. भागात हे कोणी करू देणार नाही, तिथे प्रत्येक मिनिटाला काहीतरी घडावं लागतं. विज्ञानकथेत कल्पनेइतकंच अवाढव्यपणही येतं, आणि ते घाईत दाखवता येत नाही.

(बाकी तो सिनेमा रटाळ आहे, यात वाद नाही.)

कोरा_कागद :
लांबीचा प्रयोग टीव्हीवाल्यांनीही करून पाहिलाय. 'ट्वायलाइट झोन' अर्ध्या तासाची मालिका. १९५९ मधला तो भाग आठवतो ना, अणुयुद्धानंतर एकटाच उरलेला पुस्तकवेडा, आता वाचायला वेळच वेळ, आणि चष्मा फुटतो? चौथ्या सीझनला, १९६३ मध्ये, भाग तासाचे केले. पाचव्याला पुन्हा अर्ध्या तासावर आले. ते तासाचे भाग बघताना घड्याळाकडे लक्ष जातं. चष्मा फुटायला तास लावला असता तर आपणच तो फोडला असता.

अवांतर : 'ला जेते' (१९६२) कोणी पाहिलाय का? २८ मिनिटं, जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा, फक्त एकदाच एक बाई डोळे उघडते ती हलती. त्यावरून 'ट्वेल्व्ह मंकीज' (१९९५) निघाला, दोन तासांच्या वर. मला दोन्ही आवडतात, पण ते डोळे उघडणं विसरता येत नाही. आता याला सिनेमा म्हणायचा की भाग, तुम्हीच भांडा.

उल्का :
आमच्या बाजूला घेतलाय. अर्धा तास, एक कल्पना.

मध्यरात्र :
सिनेमा आहे तो, काहीही काय!

भागांबद्दल माझं खरं दुखणं वेगळंच आहे. पिकार्ड अख्खं आयुष्य जगून आला, बायको पुरली, आणि पुढच्या भागात साहेब ठणठणीत, नेहमीच्या मोहिमेवर. असं असतं का कुठे?

उल्का :
सहाव्या सीझनमधला 'लेसन्स' (१९९३) बघा. तीच बासरी पुन्हा येते, आणि ती कुठून आली हे तो एका बाईला सांगतो. मात्र एवढ्या मोठ्या घावाला एकच भाग हे कमी आहे, हे कबूल.

तिरपागडा :
एका भागात पुरत नाही, असं तुम्हीच लिहिलंत. स्क्रीनशॉट घेतलाय.

दरम्यान कोरा_कागद यांच्या भरवशावर काल भावाला 'ब्लिंक' दाखवला. आवडला. पुतळ्यांना घाबरलासुद्धा. पण रात्री बारा वाजता दार वाजवून विचारतोय, "तो निळा डबा कसला होता?" १९६३ पासूनची मालिका याला समजावून सांगायला कोण येतंय?