मदत हवी आहे: वेस्ट विंग सीझन 4 चा शेवट (स्पॉयलर आहेत!)
मंडळी, द वेस्ट विंग या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनचे शेवटचे एपिसोड बघून डोक्याचा पार भुगा झालाय. राष्ट्रपती बार्टलेटच्या मुलीला पळवून नेतात, उपराष्ट्रपतीने आधीच राजीनामा दिलेला, म्हणून हा बाबा 25वी घटनादुरुस्ती (राष्ट्रपतीला अधिकार तात्पुरते सोडता येतात ती) वापरून खुर्ची चक्क विरोधी पक्षाच्या स्पीकरला देतो, इथपर्यंत कळलं. पण आपल्याकडे 1969 मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले आणि नंतर परत कोर्टात गेले ना, मग तिकडे त्या स्पीकर वॉकनला स्पीकरपद तर सोडाच, खासदारकीवर पण पाणी का सोडावं लागतं? राष्ट्रपतीनंतर खुर्ची कोणाकडे जाते हे ठरवणाऱ्या अमेरिकेच्या 1947 च्या कायद्यात हे असं का ठेवलंय, कोणी नीट समजावेल का? पाचवा सीझन अजून बघायचाय, तेव्हा पुढचं फोडू नका प्लीज. बाकी वॉकनच्या भूमिकेत जॉन गुडमन कसला भारी वाटतो त्या खुर्चीत!