मदत हवी आहे : ४८ किलोच्या गटासाठी वजन किती खाली आणणे सुरक्षित?

पंचवटीकर_काका :
माझा पुतण्या पंचवटीतल्या एका तालमीत सराव करतो. त्याचे वजन ५४ किलो असून ५१ मध्ये तालमीचाच दुसरा मुलगा असल्यामुळे वस्ताद त्याला ४८ मध्ये उतरवणार आहेत. तीन आठवडे उरले आहेत. काल तो अर्धी पोळी ताटात टाकून उठला आणि चूळ भरून पाणी थुंकून आला. सुरक्षित किमान वजन काढण्याची रीत लगेच सांगावी. ‘डॉक्टरांना दाखवा’ हे मलाही कळते.

लाल_माती :
आम्ही दोन स्वेटर घालून, पाणी बंद करून एका रात्रीत चार किलो तोडत असू. काहीही झाले नाही.

आहारतज्ज्ञ_ताई :
लाल_माती, १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच घामाच्या उपायांनी जेमतेम महिनाभरात दगावले, तेव्हा ‘काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे. काका, मुलाचे वय काय, वजन केव्हा केले आणि चरबीच्या अंदाजासाठी त्वचेच्या घड्यांची जाडी मोजली आहे का?

पंचवटीकर_काका :
सोळा पूर्ण. ते वजन सरावानंतरचे होते. आज सकाळी ५४.६ भरले. कॅलिपरने दंडामागे ८, खवाट्याखाली ८ आणि पोटावर ११ मिलिमीटर आले.

खुराकवाला :
रोज दोन लिटर दूध आणि भिजवलेले बदाम द्या, वर्षभरात ६० मध्ये खेळेल.

आहारतज्ज्ञ_ताई :
वजन वाढवण्याचे कोणी विचारलेले नाही. काका, बेरीज २७ झाली. अमेरिकेत शालेय मल्लांसाठी वापरल्या जाणाऱ्या लोमन सूत्रात ती घातल्यास शरीराची घनता १.०७६८ आणि चरबी सुमारे १०.२ टक्के येते. म्हणजे चरबी वगळून ४९ किलो उरतात. मुलांची चरबी ७ टक्क्यांखाली जाऊ नये असा तिथला शालेय नियम असल्याने ४९ ला ०.९३ ने भागावे : ५२.७ किलो. अंदाज एक-दोन किलोने चुकू शकतो, पण ४८ त्यातही बसत नाही. शिवाय आठवड्याला दीड टक्क्याहून, म्हणजे त्याच्या बाबतीत सुमारे ८०० ग्रॅमहून, अधिक घट नको.

लाल_माती :
अमेरिकेची सूत्रे आपल्या मातीतल्या पोरांना लागू होत नाहीत. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश १०० ग्रॅमसाठी बाद झाली. वजन तोडायला शिकावेच लागते.

आहारतज्ज्ञ_ताई :
ती प्रौढ होती आणि रात्रभर घाम गाळूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत, मग या वाढत्या मुलाचे सहा किलो कसे उतरवणार? काका, घड्या पुन्हा सकाळी, पाणी पिऊन झाल्यावर मोजा, कारण सुकलेल्या अंगाचा आकडा फसवतो. त्याच दिवशी जवळच्या लॅबमध्ये लघवीची साधी तपासणी करा. अहवालात विशिष्ट घनता (लघवी किती दाट आहे, म्हणजे अंग किती सुकले आहे, याचा आकडा) १.०२५ पेक्षा जास्त असेल तर त्या दिवशीची मापे धरू नका.

पंचवटीकर_काका :
म्हणजे ५१ च्या वरच्या, ५५ किलोच्या गटात तो आजच बसतो. मापे शनिवारी पुन्हा घेतो आणि तोच कागद वस्तादांपुढे ठेवतो. आज त्याने चारही पोळ्या खाल्ल्या.