मेक्सिकन लाल भात घरी: तांदूळ कुठला, टोमॅटोचा रस किती, पाणी किती?

मीरा_गोरेगाव

हॉटेलात ‘मेक्सिकन राइस’ म्हणून जो येतो, म्हणजे ढोबळी मिरची, मका, राजमा, ओरेगॅनो, केचप आणि वर चीज, तो मला नकोय. मेक्सिकोत घराघरांत रोजच्या जेवणाला करतात तो अरोस रोहो, टोमॅटोतला साधा लाल भात करायचाय. चार माणसांसाठी.

कृती भरपूर सापडतात, पण प्रत्येकीचं माप वेगळं. कुणी एका वाटीला दोन वाट्या पाणी म्हणतं, कुणी अडीच. टोमॅटोचा रस त्यात धरायचा की वेगळा, हे कुणीच सांगत नाही. सरळ दोन वाट्या पाणी आणि वर रस घातला तर तळाला लागतो, वरच्या दाण्यात कणी राहते आणि रंग फिका गुलाबी येतो. घरात जुना बासमती आणि वाडा कोलम दोन्ही आहेत. कुठला घेऊ? कुकरमध्ये जमेल का? चिकनचा रस्सा (बिनमसाल्याचा, म्हणजे स्टॉक) घालून आणि शाकाहारी, दोन्ही प्रकार सांगितलेत तर फार बरं.

खमंग

मीराताई, मापं वेगळी दिसतात कारण तांदूळ वेगळे आहेत. मेक्सिकोत मोरेलोस राज्याचा तांदूळ नावाजलेला आहे (२०१२ पासून त्याला तिथलं भौगोलिक संरक्षण आहे). तो जाड, पोटात पांढरा ठिपका असलेला दाणा. त्याला पाणी जास्त लागतं आणि वेळही. ते अडीचपट माप आपल्या बासमतीला लावलं की भात गिचका होणारच.

चौघांसाठी:

बासमती ३०० ग्रॅम
पिकलेले लाल टोमॅटो ३५० ग्रॅम
पांढरा कांदा पाव (साधारण ५० ग्रॅम), नसेल तर लाल चालेल
लसूण ३ मोठ्या पाकळ्या
चिकनचा किंवा भाजीचा गरम रस्सा ४०० मिली
तेल ४ टेबलस्पून, वास नसलेलं. सूर्यफुलाचं चालेल, शेंगदाण्याचं नको
गाजर १, अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे
मटार मूठभर
हिरव्या मिरच्या २, अख्ख्या
कोथिंबिरीच्या ४-५ काड्या, देठांसकट
मीठ दीड टीस्पून, रस्सा बिनमिठाचा असेल तर

तांदूळ दोन-तीन पाण्यांत धुवा, मग कडकडीत गरम पाण्यात १५ मिनिटं ठेवा. पुन्हा एकदा गार पाण्याने धुऊन चाळणीत ओता आणि किमान २० मिनिटं निथळू द्या. मध्ये चाळणी दोन-तीनदा आपटा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत २० मिनिटं पुरत नाहीत, तेव्हा सुती फडक्यावर पसरा. हे निथळणं टाळता येणार नाही. ओला तांदूळ तेलात पडला की परतला जात नाही, वाफवला जातो, आणि उलथन्याखाली तुटतो.

टोमॅटो, कांदा, लसूण कच्चेच मिक्सरमध्ये फिरवा, पाणी अजिबात न घालता. गाळणीतून गाळा, म्हणजे बिया आणि सालं राहतील. साधारण ३०० मिली रस मिळेल. मोजून घ्या आणि जास्त असेल तर बाजूला ठेवा. टोमॅटोत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून रस हा पाण्याच्या मापातच धरायचा. ३०० ग्रॅम बासमतीला रस आणि रस्सा मिळून ७०० मिली, त्याहून जास्त नको.

आता भांडं. जाड बुडाचं, पसरट, २२ ते २४ सेंटिमीटर रुंद. उंच, अरुंद पातेल्यात खाली जळतं आणि वर कच्चं राहतं. तुम्ही म्हणता ती कणी बहुधा तिथूनच येते. तेल तापवा, तांदूळ घाला, मध्यम आचेवर ८-१० मिनिटं परता. आधी दाणे एकमेकांना चिकटतात, मग सुटतात, आणि शेवटी उलथनं फिरवताना कोरडी वाळू ढवळल्यासारखा आवाज येतो. रंग फिका सोनेरी झाला की थांबा. तपकिरी झाला तर कडवट लागेल. भांडं तिरकं करून तळाशी तेल साचलेलं दिसलं तर चमच्याने काढून टाका.

मग रस ओता. उडतो, तेव्हा हात लांब ठेवा. आच थोडी वाढवून ४-५ मिनिटं परता, हलक्या हाताने, तळ खरवडत. उलथनं ओढल्यावर तळाची रेघ स्वच्छ दिसली आणि दाण्यांवर रस चिकटून बसला की झालं. तुमचा फिका रंग इथे सुधारतो. मिक्सरमध्ये रसात हवा मिसळते म्हणून तो गुलाबी दिसतो. परतल्यावर हवा आणि पाणी जातं, तेलात लाल उतरतो. न परतता रस्सा ओतला तर टोमॅटोचा गर खाली बसतो आणि तोच तळाला लागतो.

गाजर, मीठ, गरम रस्सा, वर मिरच्या आणि कोथिंबीर. एकदाच ढवळा आणि रस्सा चाखा. तो प्यायला किंचित खारट लागला पाहिजे, तरच भात नीट लागेल. यानंतर चमचा आत घालायचा नाही. मोठ्या आचेवर उघडंच उकळू द्या. रस्सा तांदळाच्या पातळीला आला आणि पृष्ठभागावर छिद्रं दिसू लागली की मटार पसरा, झाकण लावा, आच अगदी बारीक करा, खाली तवा ठेवा. १२ ते १४ मिनिटं. गॅस बंद करून झाकणाखाली सुती फडकं घाला आणि आणखी १५ मिनिटं हात लावू नका. मिरची-कोथिंबीर काढून काट्याने मोकळा करा.

जिरं यात नाही. ते टेक्सासकडच्या टेक्स-मेक्स पद्धतीतलं. ओरेगॅनोही नाही.

ठाणेकर_काका

वरची कृती पक्की आहे. तांदळाचं थोडं जास्त सांगतो, कारण मुंबईच्या वाणसामानाच्या दुकानात पर्याय बरेच असतात.

जुना बासमती चालतो, पण त्याचा वास टोमॅटोवर चढतो. अख्ख्या दाण्याचा महागडा बासमती यासाठी घेऊ नका. कमी वासाचा, लांब दाण्याचा साधा तांदूळ मिळाला तर तो जास्त जवळचा. तुकडा आणि मोगरा नको. तुटलेल्या कडांमधून स्टार्च सुटतो आणि भात चिकटतो.

वाडा कोलम जुना असेल तर छान होतो. दाणा लहान दिसेल, पण चव स्वच्छ असते. भिजवायचा ५ मिनिटंच, आणि परतताना आच थोडी कमी, कारण बारीक दाणा लवकर तांबूस होतो. जुन्याला एकूण ७०० मिली, नव्याला ६२५ ते ६५० मिली. नवा की जुना हे कळत नसेल तर आधी ६५० वर करा. शेवटी दोन-तीन चमचे गरम रस्सा शिंपडता येतो, घातलेला काढता येत नाही.

सेला (म्हणजे उकडा) बासमती पार्टीसाठी सर्वांत बिनधास्त, दाणा मोडतच नाही. त्याला अर्धा तास भिजवणं, एकूण ८५० मिली आणि झाकणाखाली २२ ते २५ मिनिटं. फक्त तो आधीच पिवळसर असतो, त्यामुळे परतलेला कळायला रंगावर जाऊ नका, आवाजावर जा. इंद्रायणी आणि आंबेमोहर यात घालू नका. दोन्ही उत्तम तांदूळ, पण मऊ, चिकट भातासाठी.

कुकरचं विचारलंत. जमतं. परतण्यापर्यंतचं सगळं कुकरच्या तळातच करायचं. रस आटल्यावर बासमतीला ३५० मिली रस्सा, कारण कुकरात वाफ फारशी उडत नाही. रस्सा घातल्यावर तळ पूर्ण खरवडून घ्या, चिकटलेला टोमॅटो राहिला तर शिट्टीच्या आधीच जळतो. मध्यम आचेवर एक शिट्टी, लगेच बंद, वाफ आपोआप जिरू द्या. मटार झाकण उघडल्यावर वाफवलेले मिसळा, नाहीतर सुरकुततात आणि काळपट पडतात.

खमंग

काका, कुकरला माझी नापसंती एवढ्यासाठी की रस्सा तांदळाच्या पातळीला आला हे बघता येत नाही. त्या एका खुणेवर सगळं अवलंबून आहे, कारण प्रत्येक वेळी टोमॅटो किती पाणचट आहे ते वेगळं असतं. पहिल्यांदा करताना उघड्या भांड्यात करा. अंदाज बसला की मग कुकर.

वाफ_आणि_वास

रंग आणि रस्सा यावर लिहिते.

बाजारात लांबट, कडक, ‘हायब्रिड’ म्हणतात ते टोमॅटो आणि गोल, पातळ सालीचे गावठी असे दोन मुख्य प्रकार दिसतात. मेक्सिकोत यासाठी लांबट, गराचेच टोमॅटो वापरतात, म्हणून आपणही लांबटच घ्या. पण विकत आणल्याबरोबर वापरू नका, बरेचदा अर्धकच्चे असतात. फ्रिजबाहेर दोन दिवस, देठाची बाजू खाली ठेवून पूर्ण लाल होऊ द्या. गावठीची चव सुंदर, पण रस पातळ आणि आंबट. आंबट रसात दाणा हळू शिजतो, म्हणून गावठी वापरले तर झाकणाखाली दोन-तीन मिनिटं वाढवा.

पावसाळ्यात टोमॅटो फिके असतात तेव्हा एक टेबलस्पून टोमॅटो पेस्ट रसात फिरवा. नसेल तर एक बेडगी मिरची, बिया काढून, गरम पाण्यात भिजवून, रसाबरोबर वाटा. मेक्सिकोतही काही जण सुकी ग्वाहियो मिरची अशीच रसात वाटतात, तेव्हा हे परकं नाही. केचप मात्र नको. त्यातली साखर तळाशी जळते आणि व्हिनेगरचा वास भातात राहतो.

मिरची अख्खीच ठेवायची, देठासकट, चीर न देता. मग फक्त वास उतरतो आणि ज्याला हवी तो ताटात फोडून खातो. लवंगी फार तिखट, भावनगरी अगदीच सौम्य. मध्यम जाडीची साधी हिरवी मिरची ठीक. बाटलीतली हालापेन्यो व्हिनेगरमध्ये मुरलेली असते, ती शिजवू नका, बाजूला वाढा.

चिकनच्या रश्श्यासाठी अर्धा किलो हाडं, मान, पंजे, सव्वा लिटर पाणी, अर्धा कांदा, २ लसूण पाकळ्या, थोडी कोथिंबीर. उकळी आल्यावर फेस काढा आणि बारीक आचेवर ४५ मिनिटं. हळद, आलं, गरम मसाला काहीही नाही. शाकाहारीसाठी दाणे काढलेलं मक्याचं कणीस तुकडे करून, एक गाजर, अर्धा कांदा, कोथिंबिरीचे देठ, लिटरभर पाण्यात ३० मिनिटं. मक्याने रश्श्याला गोडसर अंग येतं, नुसत्या पाण्यात केलेल्या भाताला ते येत नाही. कोबी-फ्लॉवर घालू नका, वास उग्र होतो. तयार क्यूब वापरलात तर वेगळं मीठ आधी अर्धा टीस्पूनच घाला आणि चाखा.

मीरा_गोरेगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी तीन गोष्टी. चातुर्मासात घरी कांदा-लसूण होत नाही, आणि शेजारच्या काकू जैन आहेत. त्यांना डबा द्यायचा तर काय बदलू? बारा जणांसाठी सगळं सरळ तिप्पट करायचं का? आणि यासोबत वाढायचं काय, राजमा आत घालायचा नाही म्हणता तर?

वाफ_आणि_वास

जैन डब्यासाठी कांदा-लसणाबरोबर गाजरही काढा, आणि रश्श्यातही कंदमूळ नको. मक्याचं कणीस, कोथिंबिरीचे देठ आणि दोन टोमॅटो एवढ्यावर रस्सा करा. रसात अर्धी लाल ढोबळी मिरची, गॅसवर भाजून, साल काढून वाटा. कांद्याचा गोडवा गेलेला असतो तो बराचसा भरून निघतो. गाजराऐवजी फरसबी बारीक चिरून. हिंग घातला तर सांबार-रसमच्या दिशेला जातं, नको. मात्र चातुर्मासात जैन घरांचे आणखीही नियम असतात, बऱ्याच ठिकाणी पालेभाजी आणि कोथिंबीरही बंद असते. काकूंना विचारूनच घाला.

ठाणेकर_काका

सरळ तिप्पट करू नका. ९०० ग्रॅम तांदळाला रस ९०० मिली ठीक, पण रस्सा १२०० ऐवजी १ लिटर. भांडं तिप्पट रुंद होत नाही, त्यामुळे त्या प्रमाणात पाणी उडत नाही. तांदूळ तीनदा, ३००-३०० ग्रॅम परतून घ्या. एकदम घातला तर खालचा तांबूस आणि वरचा पांढरा राहतो. रसही परतायला दुप्पट वेळ लागेल. भांडं ३० ते ३४ सेंटिमीटरचं, आणि झाकणाखाली १८-२० मिनिटं. घरच्या गॅसची ज्योत मधेच लागते, म्हणून तवा हवाच, आणि दर पाच मिनिटांनी भांडं पाव फिरवा.

तरी वरचा थर कच्चट राहिला तर अर्धी वाटी गरम रस्सा कडेकडेने शिंपडा, फडकं-झाकण लावून ६-७ मिनिटं. उलट भात ओलसर वाटला तर ढवळू नका. परातीत हलक्या हाताने पसरून पंख्याखाली १० मिनिटं ठेवा.

खमंग

वाढण्याबद्दल. मेक्सिकोतल्या दुपारच्या साध्या जेवणात आधी पातळ सूप येतं, त्यानंतर हा भात, आणि मग मुख्य पदार्थ. भाताच्या या पाळीला ते सोपा सेका म्हणतात. वर तळलेलं अंडं किंवा केळ्याचे काप असतात. पिकलेलं केळं आणि हा आंबटसर भात एकत्र खाऊन बघाच. मुख्य ताटात वाढला तर शेजारी घेवड्याची पातळ उसळ. त्यासाठी राजमा चालेल, पण मसाला न करता: रात्रभर भिजवून, दुसऱ्या पाण्यात अख्ख्या कांद्यासोबत मऊ शिजवून, शेवटी मीठ. भातात मिसळायचा नाही, वाटीत वाढायचा.

डब्याचं एक. हा भात सकाळी करून गरमच डबा बंद केला तर झाकणाला वाफ धरते आणि दुपारपर्यंत वरचे दाणे फुगतात. परातीत पसरून वाफ गेल्यावर भरा. उरलेला ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. शिजलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उथळ डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवून पूर्ण गरम करा.