नवा ट्रॅक्टर उंच, दोनचाकी ट्रॉलीचं नाक वर: हूक खाली घ्यायचा, दांडी बदलायची की आक्सल उचलायचा?

शिरपूरकर_शेती

राम राम मंडळी. आधीच्या ३५ एचपी ट्रॅक्टरला मागे १३.६-२८ टायर होते, त्याला ट्रॉली सपाट बसायची. आता ५० एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह घेतलाय, मागे १६.९-२८. ट्रॉली तीच आहे: दोनचाकी, हायड्रॉलिक, पाट्यांच्या स्प्रिंगवर, टायर ७.५०-१६. हौदा ११ फुटी.

मापं अशी. सपाट काँक्रीटवर ट्रॅक्टरच्या हूकाच्या दोन कानांचा मध्य जमिनीपासून ६२ सेंमी. ट्रॉली जॅकवर सपाट केली तर दांडीच्या टोकाच्या कडीचा मध्य ५१ सेंमीवर येतो. जोडल्यावर चेसिस पुढून मागच्यापेक्षा १२ सेंमी उंच राहते. कडीपासून आक्सलपर्यंत ३ मीटर. हूकप्लेटला वरखाली भोकं आहेत, दोन भोकांत ५ सेंमी अंतर, आणि हूकाखाली आता एकच जोडी शिल्लक आहे.

माल म्हणजे मका पोत्यांत ४० क्विंटलपर्यंत, कापूस खुला २० ते २५ क्विंटल. कापूस कधी कधी सेंधव्याला जिनिंगला जातो, म्हणजे बिजासन घाटाची चढण भरल्या ट्रॉलीने. चढावर पुढची चाकं हलकी वाटतात. वेल्डिंगवाला म्हणतो आक्सलखाली ११ सेंमीचे ठोकळे घाला, काम फत्ते. करू का?

फॅब्रिकेशन_धुळे

ठोकळ्यांचं लगेच करू नका. आधी हिशोब जुळतो का ते बघा. चेसिस ११ फुटांत, म्हणजे ३.३ मीटरमध्ये, १२ सेंमी तिरकी, म्हणजे ३ मीटरला १०.९. तुमच्या ६२ वजा ५१ शी जुळतं, मापं बरोबर आहेत. हा ११ सेंमीचा फरक तीन ठिकाणी भरून काढता येतो: हूक खाली, कडी दांडीवर वर, किंवा आक्सलपाशी चेसिस वर. याच क्रमाने जा. पहिल्याला खर्च नाही, तिसऱ्याचा तोटा सगळ्यात जास्त.

हूक एक भोक खाली घेतला की ५ सेंमी गेले. राहिले ६. पण ते ६ रिकाम्या ट्रॉलीवर मोजून काढू नका. माल भरला की ट्रॅक्टरची मागची टायरं थोडी बसतात, हूक साधारण दीड-दोन सेंमी खाली येतो. ट्रॉलीचे पाटे मात्र ४ सेंमी सहज दबतात. म्हणजे भरल्यावर नाक आणखी दोन सेंमी वर जाणार. रिकामी ट्रॉली पुढून दोन-तीन सेंमी झुकलेली दिसली तर ती बरोबर आहे. रिकामी असताना लेव्हल बाटली ठेवून सपाट केलेली ट्रॉली भरल्यावर हमखास नाक वर करते.

म्हणून कडी ६ ऐवजी ८ सेंमी वर. दांडीच्या तोंडावर २० मिमी जाड उभी प्लेट बसवा, तिला ५ सेंमी अंतराने भोकांच्या जोड्या पाडा आणि कडी वेगळ्या प्लेटवर घेऊन ती बोल्टने आवळा. २० मिमीचे सहा बोल्ट, ग्रेड ८.८, डोक्यावर आकडा कोरलेला बघून घ्या. प्लेटचा मध्य दांडीच्या मध्यापासून तितका सरकवा की एका जोडीत कडी ८ सेंमी वर येईल, म्हणजे जुन्या ट्रॅक्टरलाही दोन जोड्या खाली घेऊन तीच ट्रॉली लागेल. प्लेटमागे दांडीला दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या हव्यातच. कडी दांडीच्या रेषेवर नसली की प्रत्येक झटका प्लेटला पिळतो आणि पट्टी नसेल तर वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते. गंजाची तांबडी रेघ दिसली की समजा चीर आहे.

वेल्डिंग ७०१८ रॉडने, रॉड कोरडी भाजलेली. साध्या ६०१३ वर हे काम सोडू नका. ट्रॅक्टरच्या हूकाला किंवा त्याच्या ओतीव घराला वेल्डिंग अजिबात नाही, कोणी कितीही सांगो.

चोपडा_ट्रॉलीवाला

एवढं कशाला करायचं? खालच्या लिंकांमध्ये (अवजारं उचलणाऱ्या मागच्या दोन हातांमध्ये) भोकांचा आडवा बार टाका, ट्रॉली त्यालाच लावा. हायड्रॉलिकने हवी तेवढी उंची मिळते. गावात निम्मे लोक असंच चालवतात.

फॅब्रिकेशन_धुळे

निम्मे लोक शेतातल्या शेतात चालवतात. लिंक हायड्रॉलिकच्या तेलावर तोललेल्या असतात. सील गळलं किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला की दांडी रस्त्यावर उतरते. शिवाय बार डावी-उजवीकडे हलतो, लिंकांच्या चेन ढिल्या असतील तर ट्रॉली शेपटासारखी हलते. आणि टॉपलिंकच्या (वरच्या तिसऱ्या हाताच्या) ब्रॅकेटला ट्रॉली लावणं तर त्याहून वाईट. ओढ इतकी वर गेली की जड मालावर क्लच झटक्याने सोडताच पुढचं टोक उठतं आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. रस्त्यावरची ट्रॉली फक्त ठरलेल्या हूकावर किंवा खालच्या ड्रॉबारवर.

जिनिंग_काटा

घाटात पुढची चाकं हलकी होतात ते उंचीमुळे, असं शिरपूरकर भाऊंनी गृहीत धरलंय. आकडे वेगळं सांगतात.

ट्रॅक्टर २१०० किलो धरा, पुढच्या आक्सलवर ८०० च्या आसपास. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २ मीटर, हूक मागच्या आक्सलच्या मागे ७५ सेंमी. तुमचा आक्सल हौद्याच्या मध्यापासून २५ सेंमी मागे आहे (कडी ते हौदा १.१ मीटर धरला तर), म्हणून ४० क्विंटल मका सारखा पसरला तर नाकावर, म्हणजे कडीवर, ३३० किलो येतात. रिकाम्या ट्रॉलीचे १०० धरून ४३०. हे ४३० हूकावर बसले की पुढच्या चाकांवरून १६० किलो उचलले जातात.

आता चढण. माल आणि ट्रॉली मिळून ५५०० किलो, चढ ५ टक्के, चाकांचा विरोध ३ टक्के. ओढ ४४० किलो. हूक ६२ सेंमीवर असेल तर त्यामुळे पुढून १३६ किलो जातात, ५७ वर असेल तर १२५. म्हणजे हूक एक भोक खाली घेऊन घाटात तुम्ही कमावले ११ किलो. एका माणसाच्या टूलबॉक्सएवढे.

उलट माल ३० सेंमी पुढे सरकवला तर नाकावर आणखी ४०० किलो येतात आणि पुढून १५० जातात. ८०० मधून १६०, १३६ आणि १५० गेले की उरले साधारण ३५०. चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागे झुकतं ते अजून धरलेलंच नाही. स्टिअरिंग ऐकण्यासाठी पुढच्या आक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या २० टक्के तरी लागतात, म्हणजे इथे ४२०. तर तुमचं दुखणं भरणीत आहे. पोती पुढच्या फाळक्याला चिकटवून थप्पी लावायची सवय हेच करते.

नाक वर असल्याने काय होतं? माल थोडा मागे झुकतो, नाकावरचं वजन जेमतेम ५० किलो कमी होतं. खुला कापूस उंच रचला तर त्याचा मध्य वर असतो, पण वजन निम्मंच, म्हणून आकडा तेवढाच राहतो.

यावल_केळी

जिनिंगवाले नाना, मग उंची जुळवायची तरी कशाला? केळीच्या ट्रॉलीला विचारतोय. आमच्याकडे घड पाल्यावर उभे-आडवे लावतात, नाक वर असलं की सगळे हळूहळू मागच्या फाळक्यावर येतात आणि शेवटच्या ओळीतले घड काळे पडतात. मला ते एकच कारण माहीत आहे.

जिनिंग_काटा

ते कारण पुरेसं आहेच. पण त्याहून मोठं कारण हूकाच्या दोन कानांमध्ये आहे. कडी कानांत मोकळी डुलली पाहिजे. ट्रॉली सपाट असेल तर बांध ओलांडताना, नाल्यात उतरताना कडीला वरखाली दोन्हीकडे सारखी जागा मिळते. नाक ११ सेंमी वर म्हणजे कडी आधीच एका बाजूला कललेली. ट्रॅक्टर बांधावर चढून पुढे उतरला आणि ट्रॉली अजून मागेच आहे, त्या क्षणी कडीची जागा संपते आणि ती पहारीसारखी कान फाकवते. ओळखायचं कसं: पिन काढून कडी पुसा. सगळीकडे सारखी मळकट असेल तर ठीक. वरच्या पृष्ठभागावर पुढच्या कडेला आणि खालच्या पृष्ठभागावर मागच्या कडेला चकाकणारा पट्टा दिसला तर कडी कानांत अडकतेय. पिनही बघा, कॅलिपरने पोटाशी आणि डोक्याशी मोजा. व्यास दहा टक्क्यांनी उतरला असेल तर पिन बदला.

आणि रिकामी करताना. हौदा उचलला की माल आक्सलच्या मागे जातो, कडी हूकाला वर खेचते. पिनच्या खाली चिमटा नसेल तर पिन उडते आणि दांडी सुटते. ट्रॉली सपाट असो नसो, चिमटा हवाच.

शिरपूरकर_शेती

समजलं. कडी पुसून पाहिली, वरून पुढच्या कडेला चकाकी आहे. नाना, नाकावरचं वजन मोजायचं कसं? अंदाजाने पोती मागे घेतली तर जास्त मागे जायची भीती वाटते.

जिनिंग_काटा

वाजवी भीती आहे. माल ३० सेंमी मागे गेला तर तुमच्या ट्रॉलीत नाकावर ३०-३५ किलो उरतात. आणखी मागे गेला की कडी हूकाला उचलायला लागते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि वेगात ट्रॉलीचं शेपूट हलतं. त्यामुळे "मागे भरा म्हणजे नाक आपोआप खाली येईल" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. येत नाही, उलट होतं.

वजनकाट्यावर दोन वजनं घ्या. आधी एकटा ट्रॅक्टर. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चारही चाकं प्लॅटफॉर्मवर, ट्रॉलीची चाकं बाहेर जमिनीवर. दोन्हीतला फरक म्हणजे नाकावरचं वजन. मग फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन एक वजन, ते ४२० च्या खाली नको, आणि घाटात जायचं असेल तर सपाटीवर ५८० तरी दिसू द्या, कारण चढण तिथून १३० ते १४० नेणार आहे आणि ट्रॅक्टरचा स्वतःचा झोक वेगळा. काटा आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी. रॅम्पवर उभी राहिली तर आकडा खोटा येतो.

नाकावर एकूण मालाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. तुमची ट्रॉली सारखी भरली तर तिथेच बसते. पोत्यांचा पहिला थर मागच्या फाळक्यापर्यंत पूर्ण लावा, वरचे थर आक्सलवर. पुढे कमी पडलं तर ट्रॅक्टरला पुढची वजनं लावा. मागच्या टायरात पाणी भरायची गरज नाही, तिथे हूकच वजन देतोय.

फॅब्रिकेशन_धुळे

ठोकळ्यांचं राहिलं. ११ सेंमी चेसिस उचलली की मालाचा मध्य तेवढाच वर. ट्रॉलीच्या डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर साडेपाच फूट आणि मालाचा मध्य १.६ मीटरवर धरला तर आडवी उलटण्याची हद्द ६-७ टक्क्यांनी खाली येते. मक्याला चालून जाईल. उंच रचलेल्या कापसाला, शेतातून तिरकं निघताना, मी तरी करणार नाही.

उंची हवीच असेल तर ७.५०-१६ काढून ९.००-१६ घाला. आक्सल साधारण ४ सेंमी वर जातो आणि टायरची वजन पेलण्याची ताकदही वाढते. पण रिमची रुंदी आणि हौद्यापासूनची मोकळीक आधी मोजा, पाटे पूर्ण दबल्यावर टायर हौद्याला घासता कामा नये. मग कडी ८ ऐवजी ४ सेंमीच वर घ्यावी लागेल. तरीही ठोकळा घालायचाच झाला तर एकच, घन लोखंडी, पाट्यांच्या रुंदीचा, मधल्या बोल्टचं डोकं बसेल असा खड्डा असलेला. एकावर एक नाही, लाकडाचा तर नाहीच. यू-बोल्ट तेवढेच लांब नवे घ्या आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

नोंदणी पुस्तिकेत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतो. कडीची बोल्टची प्लेट त्यात येणार नाही असं मला वाटतं, पण आक्सलची जागा किंवा हौद्याचा आकार बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

नवापूर_चारचाकी

चारचाकी ट्रॉलीवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे दांडी सांध्यावर वरखाली होते, नाकावर माल येत नाही, म्हणून पाच-दहा सेंमीने ट्रॉली तिरकी होत नाही. पण हूक सांध्यापेक्षा वर ठेवू नका. उतारावर ब्रेक मारला की ट्रॉली दांडीतून ट्रॅक्टरला ढकलते. हूक वर असेल तर तो धक्का वरच्या दिशेने जातो आणि मागची चाकं हलकी होतात, नेमकी ब्रेक लागणारी. हूक सांध्याच्या पातळीत किंवा किंचित खाली ठेवा.

शिरपूरकर_शेती

ठरलं मग: हूक एक भोक खाली, कडीला बोल्टची प्लेट ८ सेंमी वर, टायर तेच. हूक खाली गेल्यावर वळताना दांडी खालच्या लिंकांना लागेल का?

फॅब्रिकेशन_धुळे

लागू शकते. ट्रॉली जोडताना लिंक पूर्ण वर घेऊन चेनने बांधा किंवा काढूनच ठेवा. मग रिकाम्या मैदानात दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, दांडी आणि मागच्या टायरमध्ये किमान चार बोटं जागा राहिली पाहिजे. हायड्रॉलिकची नळीही त्याच वळणात बघा. हूक खाली गेला की तिला जास्त लांबी लागते. ताणली गेली तर कपलिंगपाशी गळायला लागते. सैल ठेवली तर पिनच्या डोक्यावर घासते, म्हणून दांडीला एक स्प्रिंग लावून नळी तिच्यातून वर टांगा.