क्वालकॉम: चिपवाले की वकील?

पौडफाटा:
परवा इथे एकाने मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या अमेरिकी क्वालकॉमबद्दल लिहिलं, "सात मित्र, घरातली एक खोली, आणि २०२४ ला क्वालकॉमची विक्री ३९ अब्ज डॉलर. मराठी पोरांनो, जिद्द ठेवा!" खाली टाळ्यांचा पाऊस. माझं डोकं उठलं.

अहो, कंपनी निघाली त्या १९८५ साली संस्थापक अर्विन जेकब्स ५१ वर्षांचे होते. एमआयटीत शिकवून झालेलं, लिंकाबिट नावाची कंपनी काढून, विकूनही झालेली. शेजारी बसलेले सहसंस्थापक व्हिटर्बी म्हणजे ज्यांचा संदेशातल्या चुका दुरुस्त करणारा अल्गोरिदम आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकला तेच. ती खोली गरिबाची नव्हती. आणि कंपनी वाढली ती चिपमुळे नाही, पेटंटमुळे. फोनमध्ये यांचा मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) एक, रॉयल्टी मात्र अख्ख्या फोनच्या किमतीवर. वर अट अशी की परवाना घेतल्याशिवाय चिप मिळणार नाही. सुताराने दाराला कडी बसवावी आणि बंगल्याच्या किमतीत हिस्सा मागावा, तसला प्रकार!

सॅनडिएगोकर:
कडी नाही हो, पाया. १९८९ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोबाइलवाल्यांनी टीडीएमए, म्हणजे एकाच पट्ट्यात पाळीपाळीने बोलायचं तंत्र, ठरवून टाकलं होतं. जेकब्स सीडीएमए, म्हणजे सगळ्यांनी एकदम बोलायचं तंत्र, घेऊन गेले तेव्हा लोक म्हणाले, कागदावर ठीक आहे. त्याच नोव्हेंबरात सॅन दिएगोत गाडी फिरवून प्रात्यक्षिक केलं. ऐन वेळी जीपीएसची भानगड निघाली, ती सुटेपर्यंत जेकब्स आपले बोलतच राहिले. पैसा कुठून आला? ट्रकचा उपग्रहावरून माग काढणाऱ्या ऑम्निट्रॅक्समधून. कुणी बनवायला तयार नव्हतं म्हणून फोन आणि बेस स्टेशन (टॉवरची यंत्रं) हेही स्वतःच बनवले. १९९९ मध्ये बेस स्टेशनचा धंदा एरिक्सनला दिला, मग फोनचा क्योसेराला. वकिलांचं काम आहे का हे?

तिरफळ:
सीडीएमएचं कौतुक मला सांगू नका. २००४ ला काकांनी साताऱ्यात सीडीएमएचा फोन घेतला. कंपनी कुठली ते जाऊ दे. आत सिमकार्डच नाही! नंबर फोनमध्येच कोरलेला. फोन पाण्याच्या पिंपात पडला आणि काका आठवडाभर जगातून गायब. दुकानदार म्हणे, नवीन फोन घ्या. का? माझा नंबर माझा की फोनचा?

गवतीचहा:
तिरफळताई, आमच्या वाडीत जीएसएम या दुसऱ्या तंत्राचे फोनवाले आंब्याच्या झाडावर चढून "हॅलो हॅलो" करायचे. सीडीएमएवाला ओटीवर बसून बोलायचा. कृतघ्नपणा नको.

पौडफाटा:
ती ८०० मेगाहर्ट्झची करामत. लहरी लांब जातात. जीएसएम ९०० आणि १८०० वर होतं. यात क्वालकॉमचं काय?

सॅनडिएगोकर:
बरंच काही. सीडीएमएत सगळे एकाच पट्ट्यात एकदम बोलतात, ज्याचा त्याचा कोड वेगळा. टॉवरखाली उभा असलेला फोन जोरात बोलला की लांबच्याचा आवाज बुडाला. विसर्जनाला डीजेच्या भिंतीपुढे सनईवाला बसवल्यासारखं. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगतो: हळू, अजून हळू, आता जरा जोरात. हे सिलिकॉनमध्ये बसवून दाखवलं म्हणून १९९३ ला अमेरिकेत मानक झालं. आणि सिम नसणं हा तुमच्या फोनकंपनीचा निर्णय. सिमसारखं कार्ड सीडीएमएतही चालायचं.

तिरफळ:
म्हणजे चालत असून दिलं नाही? आता तर जास्तच राग आला.

खडूसआजोबा:
आमचा नातू चिप डिझाइन शिकला आणि हैदराबादला गेला. पुण्यात काय आहे? उड्डाणपूल. त्यावर बोला कुणीतरी.

पौडफाटा:
आजोबा, तो वेगळा धागा काढा.
सॅनडिएगोकर, पायाचं मान्य. पण पायाचं भाडं किती पिढ्या घ्यायचं? जीएसएमवाल्यांचं ३जी आलं तेही डब्ल्यूसीडीएमए, म्हणजे तिथेही यांची पावती. चीनने २०१५ मध्ये मक्तेदारीसाठी ९७.५ कोटी डॉलर दंड उगाच केला?

सॅनडिएगोकर:
आणि अमेरिकेत २०२० ला मक्तेदारीच्याच खटल्यात अपील कोर्टाने यांच्याच बाजूने निकाल दिला, ते सोयीस्कर विसरलात. तुमच्या त्या ३९ अब्जांत २०२४ ला चिपचा धंदा होता ३३ चा. परवान्यांचा साडेपाच. वकील एवढ्या चिपा विकत नाहीत.

पौडफाटा:
विक्री सांगितलीत, नफा गिळलात. त्या वर्षी परवान्यांत डॉलरमागे सत्तर सेंटच्या वर सुटले, चिपमध्ये तिसाच्या आत. बरं बाबा, चिपाही विकतात. खूश?

गवतीचहा:
२०१० आठवा. क्वालकॉमने मुंबई, दिल्ली, हरयाणा, केरळचं स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचे पट्टे, सुमारे ४,९१२ कोटींना घेतलं. नेटवर्क चालवायला नव्हे. इथे वायमॅक्स हे प्रतिस्पर्धी तंत्र रुजू नये, एलटीई (म्हणजे ४जी) यावं म्हणून. पुढे ते एअरटेलकडे गेलं.

पौडफाटा:
झकास. आपल्या हॉटेलसमोर एसटी थांबावी म्हणून स्टँडची जागाच विकत घेतली. याला हुशारी म्हणतो मी, जिद्द नाही. मूळ पोस्टवाले कुठे गेले?

सॅनडिएगोकर:
तिरफळताई, काकांचा फोन अजून आहे का? बॅटरी काढून मागचं लेबल वाचता येईल. कार्डाची खाच होती का तेही कळेल.

तिरफळ:
आहे. पिंपातून निघाल्यावर तांदळात ठेवला होता, पुन्हा कधी लागलाच नाही. काका हात लावू देत नाहीत. त्यात म्हणे जुने नंबर आहेत, ते कुठेच लिहून ठेवलेले नाहीत.