पंचगंगा घाटावर पुरात टिकेल असं काय करता येईल? माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची तालीम कोल्हापुरात, पंचगंगा घाटापासून हाकेच्या अंतरावर. घाटावर पर्यटकांसाठी काय व्हावं, याच्या लेखी सूचना आम्ही महापालिकेला देणार आहोत. मसुदा माझ्याकडं आहे. रोषणाई, कारंजं, सेल्फी पॉइंट अशी यादी पोरांनी झटक्यात केली. मी अडलोय ते पाण्यापाशी.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. घाट आणि नदीकाठची समाधी मंदिरं त्याच्या बऱ्याच आधी पाण्यात जातात, मग पाणी शहराच्या बाजूला जामदार क्लबकडं सरकतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी ओसरलं की पायऱ्यांवर चिकट गाळ बसतो. ओला असतानाच फवारा मारला तर निघतो, ऊन लागलं की फावड्यानं खरवडत बसायचं. जुना दगड हे सगळं सोसून उभा आहे. त्याच्याशेजारी पेव्हर ब्लॉक आणि जमिनीत पुरलेले दिवे किती पावसाळे काढतील?

वाई, नाशिक, सांगली, नरसोबावाडीकडचे कुणी असाल तर सांगा: तुमच्याकडं घाटावरचे दिवे, बाकडी पावसाळ्याआधी काढून ठेवतात का? आणि ते काम कुणाकडं असतं, ठेकेदाराकडं की पालिकेच्या माणसांकडं? निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, नुसता उचलता येणारा स्टॉल ठेवायचा तरी पाटबंधारे खात्याची परवानगी लागते का?

दुसरं, समाधी मंदिरांच्या डागडुजीबद्दल. सांध्यांत सिमेंट भरलं की ओल आतच कोंडते आणि दगड खराब होतो, म्हणून चुनाच वापरा असं मसुद्यात घालतोय. चुन्याचं काम केलेले कारागीर आपल्या भागात अजून आहेत का?

माझं स्वतःचं मत विचाराल तर कारंज्याआधी ब्रह्मपुरीचा विचार व्हावा. घाटाला लागूनच ती टेकडी. तिथं १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. तिथंच मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. अंबाबाईचं दर्शन घेऊन रंकाळ्यावर भेळ खाऊन परत जाणाऱ्या माणसाला हे कळतच नाही. घाट, ब्रह्मपुरी, टाऊन हॉल अशी पायवाट आखून चांगले मराठी फलक लावले तर पुराची भीती कमी आणि खर्चही बेताचा. असे फलक कुठं नीट केलेले पाहिले असतील तर फोटो टाका, मसुद्याला जोडतो.